तीन मिनिटांचा डाव

गेल्या महिन्यात आम्ही घाटकोपरला बहिणीकडे मुक्कामाला होतो. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढेच घर, त्यामुळे रात्री सगळ्यांची अंथरुणे शेजारी शेजारी. दीडच्या सुमाराला जाग आली तर भाच्याच्या चादरीतून उजेड येत होता. मनात नको ते आले. चादर सारली, तर मोबाइलवर बुद्धिबळाचा पट! "मामू, थांबा, अकराच सेकंद उरलेत," तो कुजबुजला. अकरा सेकंद संपले, तो हरला आणि आम्ही काही बोलायच्या आत बोट लावून त्याने दुसरा डाव सुरूही केला.

सकाळी फजरला तो उठला नाही. चहा देताना बहिणीने गाऱ्हाणे मांडले. "भाईजान, रोजचेच झाले आहे. कॉलेजला अंधेरीला जातो तर मेट्रोत हेच, जेवताना हेच. त्याचे अब्बा म्हणतात मोबाइलच काढून घेतो. तुम्हीच त्याला काही सांगा."

अशी पत्रे वाचकांकडूनही येतात, म्हणून हा विषय येथे घेतला आहे. मोबाइल काढून घेणे हा एक उपाय आहे खरा. पण अठरा वर्षांच्या मुलाचा मोबाइल किती दिवस कपाटात ठेवणार? शिवाय मुलगा वाईट काही करत नव्हता. तो एक अवघड खेळ वाईट पद्धतीने खेळत होता. आम्ही ठरवले की आधी त्याचा खेळ पाहायचा आणि मग बोलायचे.

आम्हाला बुद्धिबळ अब्बांनी शिकवले, लाकडी पटावर. जोहर झाल्यावर भाच्याला जवळ बसवले आणि म्हटले, "तुझे शेवटचे वीस डाव दाखव." ऑनलाइन खेळाची ही सोय चांगली आहे. प्रत्येक डाव, प्रत्येक चाल, प्रत्येक चालीला लागलेला वेळ जपून ठेवलेला असतो. वीसपैकी बारा डाव तो हरला होता. त्या बारांतले सात निव्वळ घड्याळावर गेले होते, आणि सातांपैकी चार डावांत त्याच्याकडे हत्ती नाहीतर घोडा जास्त होता. म्हणजे पटावर तो जिंकत होता आणि वेळेत हरत होता.

त्याची शैलीही लक्षात आली. सुरुवातीलाच वजीर बाहेर काढायचा आणि समोरचा गोंधळला तर लवकर मात करायची. समोरचा सावध निघाला की पुढे काय करायचे हे ठाऊक नसल्याने विसाव्या चालीच्या आसपास एकेका चालीवर पंधरा-वीस सेकंद घालवायचे. शेवटी वेळ उरत नाही म्हणून हाताला येईल ते प्यादे ढकलायचे. हरल्यावर राग येतो, रागात लगेच पुढचा डाव, आणि तो आणखी वाईट. हल्ला करण्याची हिंमत हा त्याचा गुण. थांबता न येणे हा दोष. आणि हा दोष पटापुरता नव्हता, हे बहिणीच्या गाऱ्हाण्यावरून दिसतच होते.

ज्यांच्या घरी हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एक-दोन मिनिटांच्या डावाला बुलेट म्हणतात. तीन किंवा पाच मिनिटांचा तो ब्लिट्झ. जागतिक संघटनेच्या, म्हणजे फिडेच्या नियमांत दहा मिनिटांपर्यंतचा डाव ब्लिट्झमध्ये मोडतो आणि त्यापुढे एक तासाच्या आतला डाव रॅपिडमध्ये. काही डावांत प्रत्येक चालीनंतर दोन, पाच किंवा दहा सेकंद वाढवून मिळतात. असे घड्याळ अमेरिकेचे माजी जगज्जेते बॉबी फिशर यांनी सुचवले आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्याचे पेटंट घेतले.

आम्ही भाच्याला कागदावर हिशेब करायला लावला. तीन मिनिटे म्हणजे १८० सेकंद. चाळीस चालींचा डाव धरला तर एका चालीला साडेचार सेकंद. तीन मिनिटे आणि प्रत्येक चालीला दोन सेकंद वाढीव असा डाव घेतला तर २६० सेकंद, म्हणजे चालीला साडेसहा. दहा मिनिटे आणि पाच सेकंद वाढीव घेतले तर ८०० सेकंद, चालीला वीस. आता सांगा, साडेचार सेकंदांत माणूस नवीन काय शिकणार? तेवढ्या वेळात हात आधीचीच सवय गिरवतो. सवय चांगली असेल तर चांगली पक्की होते, वाईट असेल तर वाईट.

घाई ज्याला जमते त्याच्यामागे सावकाश केलेली मेहनत असते. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख पाहा. जुलै २०२५मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तिच्यासमोर कोनेरू हंपी होत्या, दोन वेळच्या जागतिक रॅपिड विजेत्या. दिव्या १९ वर्षांची, हंपी ३८ वर्षांच्या. संथ वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला रॅपिडमध्ये निकाल लागायचा होता. पहिला डाव बरोबरीत गेला. दुसऱ्यात काळ्या मोहऱ्यांनी खेळताना दिव्याने दबाव सोडला नाही, वेळेच्या तंगीत हंपी यांच्याकडून चुका झाल्या आणि डाव दिव्याने जिंकला. हा चषक जिंकणारी ती पहिली भारतीय. त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८वी. भाचा हा डाव मोबाइलवर पाहून टाळ्या वाजवत होता म्हणे. आम्ही त्याला विचारले, "त्या डावात शेवटी पटावर किती मोहरी उरली होती?" त्याला आठवेना. मोहरी थोडी उरतात तेव्हा काय करायचे, हे तिला येत होते. याला नेमके तेच येत नव्हते.

दुसरे नाव मीर सुलतान खान यांचे. पंजाबातील हा माणूस आपल्याकडचे जुन्या पद्धतीचे बुद्धिबळ शिकला होता. नवाब उमर हयात खान यांच्यासोबत तो विलायतेला गेला आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा त्याने जिंकली. हेस्टिंग्जला त्याने माजी जगज्जेते कापाब्लांका यांनाही हरवले. युरोपातील पुस्तकी सुरुवाती त्याला फारशा ठाऊक नव्हत्या, त्यामुळे डावाच्या आरंभी तो मागे पडायचा. मग मध्यावर आणि अखेरीला शांतपणे डाव सावरायचा. फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ साली, त्याच्या मृत्यूनंतर सुमारे ५८ वर्षांनी. भाच्याचे नेमके उलटे आहे. सुरुवात झोकात आणि शेवट रामभरोसे.

मुंबईनेही या खेळाला माणसे दिली आहेत. प्रवीण ठिपसे १९९७ साली ग्रँडमास्टर झाले, भारतातले तिसरे. खाडिलकर भगिनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी, एकाच घरात वाढल्या आणि तिघींनी राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. १९८१ साली रोहिणी आशियाई विजेती झाली. या सगळ्यांच्या वेळी मोबाइल नव्हता. पट होता, वही होती आणि हरलेला डाव पुन्हा मांडायचा धीर होता.

तर सुधारणा कशी करावी? आम्ही भाच्यासोबत बसून जे ठरवले ते असे.

पहिले, बुलेट बंद. रोज दहा मिनिटे अधिक पाच सेकंदांचे दोनच डाव. तीन मिनिटांचे डाव फक्त रविवारी, तेही दोन सेकंद वाढीव असलेले.

दुसरे, डाव संपला की लगेच पुढचा नाही. आधी तीन प्रश्न वहीत लिहायचे. चूक कोणत्या चालीला झाली? तेव्हा समोरच्याचा बेत काय होता? त्या चालीला किती सेकंद लागले? संगणकाचे विश्लेषण त्यानंतर पाहायचे. आधीच उत्तर पाहिले तर डोके चालत नाही.

तिसरे, पांढऱ्या मोहऱ्यांनी एक आणि काळ्यांनी दोन, एवढ्याच सुरुवाती नीट शिकायच्या. पहिल्या दहा चालींत घोडे आणि उंट बाहेर आले, राजा किल्ल्यात गेला आणि घड्याळात बराच वेळ शिल्लक राहिला, तर सुरुवात जमली म्हणायची. वजीर लवकर बाहेर काढायचा नाही.

चौथे, अखेरचे डाव. एकटा हत्ती आणि राजा घेऊन मात करणे तीस सेकंदांत हातात बसले पाहिजे. राजा आणि एक प्यादे विरुद्ध राजा, यात कधी जिंकता येते आणि कधी बरोबरी होते, हे डोळे मिटून सांगता यायला हवे. एक नियमही ध्यानात ठेवावा. वेळ संपली म्हणजे हार हे खरे, पण समोरच्याकडे मात करण्याइतकी मोहरीच नसतील तर तो डाव बरोबरीचा धरतात.

पाचवे, रोज दहा कोडी. ही कल्पना नवी नाही. हजार वर्षांपूर्वी बगदादमध्ये शतरंजचे उस्ताद अशी कोडी रचत, त्यांना मन्सूबे म्हणत. खलिफा अल्-मुक्तफीच्या दरबारात मान मिळवलेले अबू बक्र अस्-सूली यांनी मागे ठेवलेले एक कोडे सुमारे हजार वर्षे कोणाला सुटले नव्हते. विसाव्या शतकात रशियाचे ग्रँडमास्टर अवेरबाख यांनी ते सोडवले. तेव्हा एखाद्या कोड्यावर पाच मिनिटे गेली तर वाईट वाटून घेऊ नये.

सहावे, लागोपाठ दोन डाव हरले की मोबाइल खाली. उठायचे, पाणी प्यायचे, वुजू करायचा. रागात खेळलेला तिसरा डाव कोणी जिंकत नाही.

आणि सातवे, महिन्यातून एकदा तरी खऱ्या पटावर खेळायचे. उपनगरांत शाळांच्या सभागृहांत रविवारी रॅपिड स्पर्धा होतात. समोर माणूस बसलेला असतो, त्याच्याशी हात मिळवावा लागतो आणि हरल्यावरही मिळवावा लागतो. मोबाइलवरचे १६०० गुणांकन म्हणजे फिडेचे १६०० नव्हे, हेही तेथे कळते.

आता घरातल्या मोठ्यांसाठी दोन शब्द. शतरंजबाबत उलेमांमध्ये जुना मतभेद आहे. पुष्कळांनी हा खेळ नापसंत ठरवला आहे, काहींनी हराम म्हटले आहे, तर शाफई फुकहांमध्ये अटींसह मुभा देणारे मत आढळते. आपण ज्या आलिमांना विचारता त्यांनाच विचारावे. या सदरातून फतवा देणे आमचे काम नाही. पण अटींबद्दल सर्वांचे एकमत दिसते. पैज नको, नमाज चुकू नये, तोंडी अपशब्द येऊ नयेत, कर्तव्य राहून जाऊ नये. भाच्याला एका मित्राने शंभर रुपयांची पैज लावून खेळू या म्हटले होते, हे त्या दिवशी बोलता बोलता कळले. त्याने नकार दिला होता, अल्लाहचे शुक्र. पैसे लावून ऑनलाइन खेळण्याचे धंदे बंद करण्यासाठी २०२५ साली केंद्राने कायदाही केला आहे. पण कायद्याच्या आधी ही गोष्ट घरात सांगितलेली असली पाहिजे. तसेच दुसऱ्या मोबाइलवर संगणकाला विचारून चाल करणे ही उघड चोरी आहे. पकडले तर खाते बंद होते, आणि पकडले नाही तरी पाहणारा पाहतच असतो.

घरासाठी नियम असा ठरला की इशानंतर मोबाइल स्वयंपाकघरातल्या फळीवर. त्या फळीवर अब्बांचा, अम्मीचा, मामूचा, सगळ्यांचाच मोबाइल जाईल. ही अट भाच्याने घातली आणि आम्हाला ती मान्य करावी लागली. खरे सांगायचे तर पहिल्या दोन रात्री आम्हालाच चुकल्याचुकल्यासारखे झाले.

महिना झाला. काल बहिणीचा फोन आला. फजरला तो आठवड्यातून पाच दिवस उठतो, दोन दिवस उठवावा लागतो. पहिल्या खऱ्या स्पर्धेत सातपैकी तीन डाव जिंकला, चार हरला, पण घड्याळावर एकच. वहीत बेचाळीस डाव लिहून झाले आहेत. एका रात्री मात्र फळीवरून मोबाइल गुपचूप काढलेला अम्मीने पाहिला. "ओरडलीस का?" आम्ही विचारले. म्हणाली, "नाही भाईजान. दिवा लावला आणि म्हटले, वही कुठे आहे? तो हसला आणि मोबाइल ठेवून दिला." आता त्याची आठवीतली बहीण लाकडी पट मागते आहे. आमच्या अब्बांचा पट माळ्यावर आहे, काळा घोडा एक कमी आहे. त्याच्या जागी बाटलीचे बूच ठेवून चालेल. पुढच्या खेपेला घेऊन जाऊ, इन्शाअल्लाह.