समुद्र मागे सरतो तेव्हा

समुद्रकाठी सुट्टी म्हणजे लाटांत डुंबणे, वाळूचे किल्ले रचणे आणि सायंकाळी सूर्यास्त पाहणे, अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते. ही मौज कमी प्रतीची आहे, असे कोण म्हणेल? परंतु ज्या किनाऱ्यावर खुद्द समुद्रच दिवसातून दोनदा दृष्टीआड होतो, तेथे सुट्टीला वेगळाच रंग चढतो. ओडिशाच्या बालेश्वर जिल्ह्यातील चांदिपूर हा असा किनारा आहे. बालेश्वर स्थानकापासून तो पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस अवघ्या दोन अंशांवर असल्यामुळे येथे हिवाळ्यात हवा सौम्य असते. म्हणून मुलाबाळांसह जावयाचे तर नाताळच्या सुट्टीसारखा काळ नाही.

ओहोटी लागली, की येथील पाणी पाच किलोमीटरपर्यंत मागे हटते. यात चमत्कार काही नाही. नद्यांनी आणलेल्या गाळाने येथला तळ इतका सपाट झाला आहे, की पाण्याची पातळी थोडी जरी उतरली, तरी मैलच्या मैल जमीन उघडी पडते. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते आणि दररोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, समुद्र सर्वांत दूर जातो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, त्याची ये-जा मंद असते. कोकणातील वाचकांना तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा ढोबळ हिशेब ठाऊक असेल. तो आपल्या पश्चिम किनाऱ्याचा आहे. बंगालच्या उपसागरावर तो लावू नये. येथे वेळ विचारावी ती गावातील कोळ्यांना.

पायांतील वहाणा काढून या ओल्या भूमीवर चालू लागा. लाटांनी उमटवलेल्या वाळूच्या वळ्या तळव्यांना जाणवतात. थोड्याच अंतरावर वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल. एक चिमुकला खेकडा वाळू तोंडात घेतो, तीतील अन्नकण वेचतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. पुढची भरती ही सारी रांगोळी पुसून टाकते आणि तो पुन्हा कामाला लागतो. कोरड्या वाळूच्या बाजूला लाल खेकडे दिसतात. दुरून पाहावे तो फुलांचा गालिचाच पसरल्याचा भास होतो आणि जवळ जावे तो वाळू रिकामी! पावलांचा कंप जाणवताच ते बिळांत शिरतात. मुलांना सांगावे, की दहा मिनिटे अगदी स्तब्ध बसा. मग प्रथम देठांवरचे डोळे वर येतात आणि हळूहळू सारा मेळा पुन्हा भरतो. मुलांना संयमाचा याहून चांगला पाठ कोणत्या पुस्तकात मिळेल?

जवळच बुढाबलंग नदी समुद्रास मिळते. तेथील चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात. पाण्याबाहेर सुखाने वावरणारा हा मासा पाहून थोरांनाही मौज वाटते. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले चिखले आणि तुतवार ओल्या वाळूत चोच खुपसत धावत असतात, तर कुरव पक्षी पाण्याच्या कडेवर घिरट्या घालतात.

परंतु या किनाऱ्याचा खरा मानकरी आहे नालखेकडा. घोड्याच्या नालेसारखी पाठ आणि भाल्यासारखी शेपटी असलेला हा प्राणी नावापुरताच खेकडा. त्याचे नाते विंचू-कोळ्यांशी अधिक जवळचे. त्याच्या कुळाचे चव्वेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. म्हणजे पृथ्वीवर डायनासोर अवतरण्याच्या कितीतरी आधीपासून हे कूळ नांदत आहे. आज जगात त्याच्या केवळ 4 जाती उरल्या असून त्यांपैकी 2 भारतात आढळतात. त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असल्याने ते निळे दिसते. टोचून द्यावयाच्या औषधांत जंतूंचे विष मिसळले नाही ना, हे तपासण्यासाठी त्या रक्ताचा उपयोग होतो. आपल्यापैकी किती जणांनी या अनोळखी जीवाचे ऋण नकळत घेतले असेल!

उधाणाच्या भरतीबरोबर नालखेकड्यांच्या जोड्या अंडी घालण्यासाठी किनाऱ्यावर येतात. मोठी मादी पुढे असते आणि लहानसा नर तिला धरून मागे. एवढी युगे तरून आलेला हा प्राणी आज मासेमारीच्या जाळ्यांत अडकून मरतो आणि अंडी घालण्याच्या जागाही आक्रसत आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र त्याला लाभले आहे. परंतु निर्जन वाळूवर कायद्याचे डोळे म्हणजे आपलेच डोळे. एखादा नालखेकडा उताणा पडलेला दिसला, तर त्याच्या कवचाच्या दोन्ही कडा धरून त्याला अलगद पालथा करावा. शेपटीला धरून मात्र कधीही उचलू नये. तिच्या आधारानेच तो स्वतःला सावरतो. तो दंश करीत नाही. मुलांनी भिण्याचे कारण नाही.

शंखशिंपल्यांबाबतही हेच धोरण असावे. रिकामा वाटणारा शंख उसन्या घरात राहणाऱ्या एखाद्या खेकड्याचा आजचा किंवा उद्याचा निवारा असतो. घरी नेण्यास वही पुरे. मुलांनी तीत पाहिलेल्या जीवाचे चित्र काढावे, दिवस व तिथी लिहावी.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. परतणारे पाणी समोरूनच येते असे नाही. ते सखल चरांतून आधी आपल्या पाठीमागे भरते. म्हणून मुलांना घेऊन फार दूर जाऊ नये आणि कोळी परतू लागले, की आपणही परतावे. मग सुरूच्या सावलीत बसून कागदाच्या पुडीतली मुढी, म्हणजे आपले चुरमुरे, खात भरती पाहावी. तासाभरापूर्वी आपण जेथे चाललो, तेथे लाटा खेळत असतात.

वाचकहो, या सुखाला खर्च थोडा आणि अट एकच : पाहुण्याने पाहुण्यासारखे वागावे. आपण उचलले नाही, तुडवले नाही, तर उद्याच्या ओहोटीला दुसऱ्या कुणाच्या मुलांना तेच दालन तसेच उघडे मिळेल.