शेतकरी बाजारात भूमिहीन कुठे आहे?

नाताळच्या सुट्ट्या लागल्या की शहरातल्या शेतकरी बाजारांना जत्रेचे रूप येते. थंडी पडलेली असते, भाजी स्वस्त आणि ताजी असते. ओला वाटाणा, लाल गाजरे, पावटा, हरभऱ्याची कोवळी भाजी, मेथीच्या जुड्या, बोरे आणि कुठे कुठे हुरडाही. सोसायटीतली कुटुंबे मुलाबाळांसह पिशव्या घेऊन येतात. मांडवावर फलक असतो, ‘थेट शेतातून ग्राहकाच्या हातात’. गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांतून शिकून नोकरीला लागलेली, फ्लॅटमध्ये राहायला गेलेली आपली माणसेही या गर्दीत दिसतात. आम्हीही त्यांच्यातलेच. पिशवी भरून घरी येतो आणि दलालाला चुकवून शेतकऱ्याला चार पैसे जास्त दिल्याचे समाधान मिळते.

हे समाधान खोटे नाही. अडत, तोलाई, हमाली यांत शेतकरी कसा नागवला जातो हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. महात्मा फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हापासून या लुटीचा हिशेब मांडला जात आहे. 2016 साली राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला, अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. छोट्या शेतकऱ्याला शहरात जागा मिळाली, हे चांगलेच झाले. त्याला आमचा विरोध नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. ‘थेट शेतातून’ असे म्हणताना त्या शेतात कोण होते? पहाटेच्या दवात भिजत मेथी उपटून तिच्या जुड्या कोणी बांधल्या? वाटाणा कोणी तोडला? गाजरे धुऊन गोणीत कोणी भरली? खुरपणी, तोडणी, निवडणी ही कामे करणारी बाई बहुतेक वेळा रोजंदारीवर असते आणि ती बहुतेक वेळा भूमिहीन असते. मांडवात मात्र ती नसते. दलाल हटला, पण मजूर पुढे आला नाही. मधली एक पायरी काढली, तळाची पायरी जमिनीतच गाडलेली राहिली.

याचे कारण ‘शेतकरी’ या शब्दात आहे. सरकारदरबारी शेतकरी म्हणजे ज्याच्या नावाने सातबारा आहे तो. राबतो कोण, हा प्रश्न तिथे विचारला जात नाही. 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकऱ्याची व्याख्या व्यापक केली होती. त्यात शेतमजूर, वाटेकरी, कुळे हे सगळे धरले होते. पण धोरण कागदावर राहिले. 2019 साली पीएम-किसान योजना आली, वर्षाला 6,000 रुपये देणारी. तीही जमीनधारक कुटुंबांपुरतीच. बाजार समित्यांचेही तेच. 2017 साली 10 गुंठे जमीन असणाऱ्या शेतकऱ्याला बाजार समितीच्या निवडणुकीत थेट मताचा अधिकार देण्यात आला, 2020 साली तो काढून घेण्यात आला. दोन्ही वेळा मोठा वाद झाला. पण ज्याच्याकडे 10 गुंठेही नाहीत त्याच्याबद्दल दोन्ही बाजूंनी कोणी बोलले नाही.

आणि ज्याच्याकडे 10 गुंठेही नाहीत तो कोण? 2011 च्या जनगणनेनुसार देशात शेतीवर जगणाऱ्या अनुसूचित जातींच्या माणसांपैकी सुमारे 71 टक्के शेतमजूर आहेत. म्हणजे दहातले सात जण दुसऱ्याच्या रानात राबतात. ‘शेतकरी बाजार’ ही पाटी लावली की हे सात जण आपोआप बाहेर राहतात. कोणी त्यांना हाकलत नाही, कोणी जात विचारत नाही. सातबारा विचारला की पुरते.

बाजार ही जागा जातीपासून मुक्त आहे, पैसा जात बघत नाही, असे आपल्याला सांगितले जाते. हे ज्यांना खरे वाटते त्यांनी 25 डिसेंबर या तारखेकडे पाहावे. 1927 साली याच दिवशी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. त्या परिषदेला मांडव घालायला स्पृश्यांनी जागा मिळू दिली नाही, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. महाडच्या व्यापाऱ्यांकडून धान्य-किराणा मिळणार नव्हता, तो बाहेरून आणावा लागला. चवदार तळ्याच्या पाण्याचा लढा आपण सांगतो, पण त्या लढ्यात बाजारही आपल्याविरुद्ध उभा होता हे सांगायला विसरतो. पैसे हातात असूनही माल मिळत नव्हता!

हे एकट्या महाडचे नव्हते. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. 1930 सालच्या तिच्या अहवालात नोंद आहे की अस्पृश्यांनी हक्क मागितला की गावात त्यांचे काम बंद होते, जमिनीवरून त्यांना हुसकावले जाते आणि दुकानदार त्यांना जीवनावश्यक वस्तू विकणे बंद करतो. म्हणूनच बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा, अशी मागणी गोलमेज परिषदेपुढे मांडली. महाराष्ट्रात तसा स्वतंत्र कायदा व्हायला 2016 साल उजाडावे लागले.

ही जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. मग 2001-02 साली 11 राज्यांतील 565 गावांत झालेली पाहणी पाहा. घनश्याम शहा, सुखदेव थोरात, हर्ष मंदर आदींनी ती 2006 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पाहिलेल्या गावांपैकी सुमारे एक तृतीयांश गावांत दलितांना स्थानिक बाजारात माल विकू दिला जात नव्हता. दूध सोसायटीला दूध घालण्याची बंदी तर जवळजवळ निम्म्या गावांत होती. विकत घेणारा दलित चालतो, विकणारा दलित चालत नाही. ग्राहक म्हणून तुमचा पैसा स्वच्छ, विक्रेता म्हणून तुमचे हात अस्वच्छ! शहरातल्या बाजारात हे उघड दिसत नाही. पण गावात ज्याला जमीन, पत आणि बाजार नाकारला गेला, तो शहरातल्या मांडवापर्यंत पोहोचणार तरी कसा?

म्हणून प्रश्न शेवटी जमिनीवर येतो. बाबासाहेबांनी 1918 सालीच लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहून सांगितले होते की जमीन किती एकर आहे एवढ्यावर शेतीचे गणित ठरत नाही, तिच्या जोडीला भांडवल आणि साधने किती आहेत यावर ते ठरते. 10 जानेवारी 1938 रोजी खोतीच्या विरोधात त्यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. त्या मोर्चात कुणबी आणि महार एकत्र होते, हे आजच्या दिवसांत मुद्दाम आठवले पाहिजे. 1947 साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी राष्ट्रीयीकृत, सामुदायिक शेतीची योजना दिली, जिच्यात जमीनदार नाही, कूळ नाही आणि भूमिहीन मजूरही नाही. 6 डिसेंबर 1964 पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. तीही थंडीचेच दिवस होते.

त्याच दादासाहेबांच्या नावाने 2004 साली राज्य सरकारने योजना आणली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जातींच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन. आधी निम्मे कर्ज, निम्मे अनुदान होते. 2018 पासून पूर्ण अनुदान झाले. पण सरकार जमीन विकत घेऊन देणार आणि 2018 साली ठरवलेली दराची मर्यादा जिरायतीला एकरी पाच लाख, बागायतीला आठ लाख. रस्त्यालगतची, पाण्याची, शहराला भाजी पुरवता येईल अशी जमीन त्या दरात कोण विकणार? मिळालीच तर माळरानाची. योजना कागदावर आणि आमची बाई बांधावर!

मग आम्ही काय करावे? शेतकरी बाजारावर बहिष्कार टाकावा, असे आम्ही म्हणणार नाही. मांडवात बसलेला दोन एकरांचा कुणबी, माळी, वंजारी शेतकरी आपला शत्रू नाही. पण तीन गोष्टी मागता येतात आणि एक गोष्ट स्वतः करता येते.

पहिली मागणी, बाजारात नोंदणीसाठी सातबाराबरोबरच वाटेकरी, खंडकरी आणि भूमिहीन महिलांचे गट यांना विक्रेता म्हणून मान्यता द्यावी. 2007 ची व्याख्या सरकारचीच आहे, ती सरकारने पाळावी. दुसरी, बचत गटांना मांडवात जागा मिळाली तर ती पापड-लोणच्याच्या टेबलापुरती नसावी. गटाने खंडाने घेतलेल्या रानातला भाजीपाला विकण्याची असावी. तिसरी, याच बाजाराच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसणाऱ्या बायांची. मांडवातल्या विक्रेत्याला परवानगी आणि बाहेरच्या बाईवर अतिक्रमणाची गाडी, हा न्याय नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या आहेत, त्यांत एक तृतीयांश महिलांना आणि अनुसूचित जातींनाही योग्य प्रतिनिधित्व द्यायचे आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या पालिकेत जाऊन ही समिती आहे का, तिच्यात कोण बसले आहे, एवढे तरी विचारावे.

आणि स्वतः करायची गोष्ट. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर, भीमा कोरेगावला आपण लाखोंनी जमतो. तिथे पुस्तकांचे स्टॉल आपण उभे केले. अर्धपोटी राहून आपला माणूस तिथे पुस्तक विकत घेतो, याचा आपल्याला अभिमान आहे. त्या पुस्तकांच्या शेजारी भूमिहीन महिलांच्या गटांची ज्वारी, डाळ, तीळ, गूळ का असू नये? आपल्या नोकरदारांच्या पगारातला महिन्याचा किराणा तिच्याकडून का येऊ नये? समाजाचे ऋण फेडण्याची भाषा आपण भाषणात करतो. ती एकदा पिशवीतही दिसू द्या.

तोवर या सुट्टीत बाजारात जाल तेव्हा भाव विचारण्याआधी एक प्रश्न विचारा. ही मेथी कोणी उपटली आणि तिला आज हजेरी किती मिळाली? उत्तर मिळेलच असे नाही. पण 25 डिसेंबरला ज्यांनी धर्मग्रंथाला प्रश्न विचारला, त्यांच्या वारसांना भाजीच्या जुडीला प्रश्न विचारणे जड जाऊ नये.