कर्ता परतला, पण घराचे काय?

'डॉक्टर हू' या विज्ञानकथा-मालिकेच्या निर्मितीत डिस्ने कंपनीशी असलेली भागीदारी संपुष्टात आली, असे २८ ऑक्टोबर २०२५ रोजी बीबीसीने जाहीर केले. मालिका बंद होणार नाही आणि २०२६ च्या नाताळचा विशेष भाग रसेल टी. डेव्हिस लिहितील, हेही त्याच वेळी सांगण्यात आले. याच डेव्हिस यांच्याकडे सप्टेंबर २०२१ मध्ये मालिकेची सूत्रे दुसऱ्यांदा सोपवली गेली, तेव्हा जुना कर्ता परत आला, आता घर सावरेल, अशीच भावना रसिकांत होती. या दोन घोषणांच्या मधली चार वर्षे म्हणजे एका लेखकाच्या यशापयशाची कहाणी, असे मानणे सोयीचे आहे; परंतु ते अपुरे आहे. येथे प्रश्न लोकांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या एका सार्वजनिक संस्थेचा आहे.

ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, ब्रिटनमध्ये सुरू झाली. कल्पनेमागे सिडनी न्यूमन हे कॅनडातून आलेले नाट्यविभागप्रमुख होते. निर्मातेपद व्हेरिटी लॅम्बर्ट या तरुण स्त्रीकडे होते. पहिल्या कथेचे दिग्दर्शन लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी केले. काळातून प्रवास करणारा, शस्त्रापेक्षा बुद्धीवर भिस्त ठेवणारा एक परग्रहवासी हा तिचा नायक. १९६६ मध्ये विल्यम हार्टनेल या नटाची प्रकृती ढासळली तेव्हा निर्मात्यांनी नायकाला मारले नाही. त्याला नवे शरीर दिले. पॅट्रिक ट्राउटन आले आणि डॉक्टर पुढे चालू राहिला. चेहरा बदलतो, व्यक्तिमत्त्वही बदलते, परंतु सत्त्व टिकते, ही कल्पना अडचणीतून सुचली खरी, पण संस्था कशी टिकते याचेच ते मर्म होते.

आणि हे सत्त्व कोणा एकाच्या मालकीचे नव्हते. रॉन ग्रेनर यांच्या स्वरलिपीला डेलिया डर्बीशायर यांनी बीबीसीच्या ध्वनिकार्यशाळेत चुंबकीय फितीचे तुकडे जोडजोडून जे अद्भुत रूप दिले, ते शीर्षकसंगीत म्हणून जगभर पोचले. ग्रेनर त्यांना श्रेय देऊ इच्छीत होते. पण नोकरदाराला श्रेय नाही, हा संस्थेचा नियम आड आला. पडद्यावर त्यांचे नाव झळकले २०१३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. डेलेक या यंत्रराक्षसांची कल्पना टेरी नेशन यांची; त्यावर त्यांनी संपत्ती मिळवली. त्यांचे अविस्मरणीय रूप घडवणारे रेमंड क्युसिक पगारी नोकर होते. त्यांच्या वाट्याला एक किरकोळ बक्षिसी आली. शिवाय जागा आणि फिती वाचवण्यासाठी बीबीसीने जुने भाग पुसून टाकले. त्यांपैकी नव्वदाहून अधिक भागांचा आजवर पत्ता नाही. सार्वजनिक मालकी म्हणजे आपोआप न्याय नव्हे, हे येथे मान्य केलेच पाहिजे. ज्यांच्या श्रमाने वैभव उभे राहते त्यांचा विसर पडण्याची सवय सरकारी कचेऱ्यांनाही असते आणि खाजगी पेढ्यांनाही.

डिसेंबर १९८९ मध्ये मालिका थांबली. १९९६ मध्ये अमेरिकन भागीदारांसह एक चित्रपट काढून पाहण्यात आला. त्यातून पुढे मालिका निघाली नाही. तिला पुन्हा जीवदान मिळाले मार्च २००५ मध्ये, आणि ते बीबीसीच्या वेल्स शाखेने दिले. मुख्य लेखक आणि निर्माता या दोन्ही नात्यांनी मालिका चालवणारा, ज्याला त्या धंद्यात 'शोरनर' म्हणतात, तो होता स्वान्सीत जन्मलेला डेव्हिस. त्याचे कर्तृत्व निर्विवाद आहे. कामकरी वस्तीतल्या, दुकानात विक्रेती असलेल्या रोझ नावाच्या मुलीच्या डोळ्यांनी त्याने हे विश्व दाखवले आणि अडगळीत पडलेली मालिका घराघरांत नेली. परंतु त्याच्या पाठीशी होता लोकांनी भरलेल्या परवाना शुल्काचा पैसा, आणि लंडनबाहेर, कार्डिफला, एवढी मोठी निर्मिती नेण्याचे धैर्य. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्या कारकिर्दीत वारसदार तयार झाले. २०१० मध्ये सूत्रे घेणारे स्टीव्हन मॉफट आणि त्यांच्यानंतरचे ख्रिस चिबनॉल हे दोघेही डेव्हिस यांच्या हाताखाली याच मालिकेसाठी लिहिलेले होते. चिबनॉल यांच्या काळात जोडी व्हिटेकर ही पहिली स्त्री डॉक्टर झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये विनय पटेल यांनी लिहिलेल्या भागात ब्रिटिश प्रेक्षकाने पंजाबची फाळणी, एका कुटुंबाच्या अंगणात उभी राहिलेली सीमारेषा, पाहिली. ज्या साम्राज्याने ती रेषा आखली त्याच देशाची सार्वजनिक वाहिनी हे दाखवते, यातच तिच्या अस्तित्वाचे समर्थन आहे.

२०२१ मध्ये मात्र नवा वारस शोधण्याऐवजी जुन्यालाच पाचारण करण्यात आले. परिस्थितीही पालटली होती. जानेवारी २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने परवाना शुल्क १५९ पौंडांवर दोन वर्षांसाठी गोठवले; महागाई मात्र गोठली नाही. निर्मिती 'बॅड वुल्फ' या कंपनीकडे गेली आणि तिचा बहुसंख्य हिस्सा डिसेंबर २०२१ मध्ये सोनीने विकत घेतला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटन व आयर्लंड वगळता उर्वरित जगातले प्रसारण डिस्नेकडे सोपवण्यात आले. पाटी बीबीसीची, कारखाना सोनीचा आणि जगाची बाजारपेठ डिस्नेची, अशी ही वाटणी होती. नोव्हेंबर-डिसेंबर २०२३ मधल्या षष्ट्यब्दीच्या तीन भागांत नव्या डॉक्टरच्या जागी डेव्हिड टेनंट हा पूर्वीचाच नट परतला. मागे वळून पाहण्याची वृत्ती कथेतही शिरली, ती अशी.

न्याय्य बोलायचे तर त्यानंतर रवांडात जन्मलेले व स्कॉटलंडमध्ये वाढलेले न्कूटी गटवा यांची झालेली निवड धाडसाची होती, आणि २०२५ च्या हंगामात इनुआ एलम्स, जूनो डॉसन अशा नव्या लेखकांना वाव मिळाला. पण हंगाम आठच भागांचा; त्यातले बरेचसे भाग कर्त्यानेच लिहायचे. नव्या हाताला वळण लागावे तरी कुठे? ३१ मे २०२५ रोजी दुसरा हंगाम संपला. पुढच्या हंगामाचा निर्णय हा हंगाम दाखवून झाल्यावर घेऊ, असे आधीच ठरलेले होते. तेव्हा शुल्क भरणारा ब्रिटिश नागरिक पाच महिने वाट पाहत राहिला. त्याच्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलेल्या कथेचे भवितव्य सातासमुद्रापलीकडच्या एका कंपनीच्या हिशेबाशी जखडलेले होते.

यावर व्यवहारी माणसे म्हणतील, एवढा पैसा दुसरे कोण देणार? आक्षेप पोकळ नाही. पुठ्ठ्याच्या भिंतींवर आजचा प्रेक्षक समाधान मानणार नाही, आणि दारिद्र्याचे गोडवे गाण्यात शहाणपण नाही. परंतु आधी सार्वजनिक संस्थेची रसद तोडायची, मग ती खंगली की भांडवलदाराशिवाय तिला तरणोपाय नाही म्हणायचे, हा युक्तिवाद सरकारांच्या मुखी फार शोभतो. आणि झाले काय? डिस्ने आली, हिशेब पाहिला, निघून गेली. मालिका उरली, कारण तिची मालकी बीबीसीने विकलेली नव्हती. १९९६ च्या परकीय भागीदारीनंतरही मालिका शिल्लक राहिली ती याच कारणाने. मक्तेदार भांडवल पाहुण्यासारखे येते आणि लाभ आटला की उठून जाते. घराची राखण मालकालाच करावी लागते.

बीबीसीची विद्यमान सनद ३१ डिसेंबर २०२७ पर्यंतच आहे. नव्या सनदेत परवाना शुल्काचे काय होणार, संस्था जाहिरातींवर वा वर्गणीवर जगणार काय, हे ठरायचे असताना या मालिकेचा अनुभव केवळ करमणुकीच्या पानावर राहता कामा नये. डेव्हिस यांना बोलावणे हा अपराध नव्हता. अपराध असेल तर तो त्यांच्या प्रतिभेकडून संस्थेच्या दुर्बळतेवर उतारा मागण्याचा. कर्ता कितीही कुशल असला तरी गहाण पडलेले घर एकट्याने सोडवू शकत नाही. त्यासाठी खात्रीचा सार्वजनिक निधी लागतो, लंडनबाहेर पसरलेल्या कार्यशाळा लागतात, अनाम कारागिरांना नाव आणि मोबदला देणारा नियम लागतो, आणि चुकण्याची मुभा असलेले नवे लेखक लागतात. डॉक्टर टिकला तो जुना चेहरा परत आला म्हणून नव्हे. प्रत्येक वेळी नवा चेहरा स्वीकारण्याचे बळ त्याच्यामागे उभ्या असलेल्या संस्थेत होते म्हणून. ते बळ राखणे हे कोणा शोरनरचे काम नव्हे. ते त्या देशाच्या नागरिकांचे काम आहे.