दप्तर कोणाच्या खुंटीला ?

गाव का सुधारत नाही, असे विचारले की दोन उत्तरे ठरलेली मिळतात. शहरातला विद्वान म्हणतो, खेडूत अडाणी, त्याला कारभार कळत नाही. गावातला पुढारी म्हणतो, सरकार पैसाच देत नाही. पहिले उत्तर उद्दामपणाचे आहे व दुसरे अर्धे खोटे आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. थोडाफार पैसा येतो, हक्कही आहेत. परंतु ज्या सभेत त्यांचा निवाडा व्हायचा ती ग्रामसभा चावडीपुढे न भरता कागदावर भरते. आमच्या दैन्याचे एक मोठे मूळ येथे आहे.

जोतीरावांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापिला व 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे ठरविले आणि 1918 साली कुळकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले. आमच्या समजुतीने ही दोन्ही कामे एकाच कामाची दोन अंगे होती : रयतेला दप्तर वाचता यावे, आणि ते दप्तर कोणा एका घराच्या खुंटीला टांगलेले नसावे. आता आम्ही आपल्याच बांधवांस विचारतो, शंभर वर्षे उलटल्यावर ते दप्तर आहे कोठे ? कुळकर्ण्याच्या खुंटीवरून निघाले ते पुष्कळ गावी आपल्याच एखाद्या मातबर भाऊबंदाच्या खुंटीला जाऊन लटकले ! खुंटी बदलली म्हणजे राज्य बदलले असे मानून आम्ही झोपी गेलो. कुळकर्ण्याला नावे ठेवणारे आमचे तोंड स्वतःच्या जातभाईपुढे का बंद होते ? अन्याय करणारा आपला म्हणून अन्याय गोड लागतो की काय ?

कायदा काय म्हणतो ते ऐका. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम 1958 सालचा; 24 एप्रिल 1993 पासून राज्यघटनेची 73 वी दुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेतच जागा मिळाली. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव तो ग्रामसभेचा सभासद. त्याला ना वतन लागते, ना सातबारा. कुंभार, सुतार, लोहार, परीट, भूमिहीन मजूर, विधवा बाई, सर्वांचा हक्क सरपंचाइतकाच. वर्षाच्या पहिल्या सभेत मागील वर्षाचा हिशेब व तपासनिसाने काढलेल्या चुका लोकांपुढे ठेवल्या पाहिजेत. योजनेचा लाभ कोणाला द्यावा हे सभेने निवडावयाचे. पंचायतीच्या उत्पन्नातील 15 टक्के मागासवर्गीयांसाठी व 10 टक्के महिला व बालकांसाठी खर्च व्हावयाचे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात दिलेल्या अनुदानातील 60 टक्के पाणी व स्वच्छता यांस बांधलेले होते. तुमच्या गावी त्यातून नळ आला की ठेकेदाराच्या दारी मोटार आली, हे कोणी विचारले काय ?

आमच्या पाहण्यातील एका गावची गोष्ट सांगतो. स्वातंत्र्यदिनी झेंडावंदन झाले, पोरांना खाऊ वाटला, सभेला दहाबारा डोकी बसली व अर्ध्या घटकेत उठली. दुसरे दिवशी शिपाई वही घेऊन घरोघर फिरला. कुंभारआळीतल्या एका म्हातारीस आम्ही विचारले, "आजी, अंगठा कशाचा दिला ?" ती म्हणाली, "घरकुलाचा म्हनलं, गुरुजी." तो अंगठा होता सभेला हजर असल्याचा ! त्याच सभेच्या नावावर घरकुलाची यादी कायम झाली, आणि त्या यादीत म्हातारीचे नाव नव्हते. जिचे छप्पर गळते तिच्याच अंगठ्याने तिचा हक्क बुडाला. ज्यांची नावे यादीत आली त्यांतील दोघांची घरे पक्की होती, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

यात आणखी एक मेख आहे. सभेस 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, यांत जो आकडा कमी असेल तितकी माणसे लागतात. चारशे मतदारांचे गाव असेल तर साठ पुरेत. बाराशेचे असेल तर शंभर. एवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला संख्येची अटच नाही ! मग पाचजण बसून पाचशेंचे भवितव्य ठरवितात. म्हणून आम्ही म्हणतो, तुमची गैरहजेरी हीच कारभाऱ्याची पुंजी आहे. तुम्ही घरी बसता म्हणून तो खुर्चीवर बसतो.

कोणी म्हणेल, हे सारे बोलणे सोपे, होते कोठे ? होते. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे अवर्षणाचे गाव. तेथील लोकांनी ग्रामसभेत बसून शेतीसाठी बोअर घेणे बंद केले, अति पाणी पिणारी पिके वर्ज्य केली, चराई व कुऱ्हाड आवरली, आणि वर्षाच्या पाण्याचा जमाखर्च मांडून पिके ठरविण्याची रीत पाडली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव. तेथे सर्वांच्या एकमताने निर्णय घेतात. 2009 साली त्या गावाने सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविला व 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने आपल्या हाती घेतले. हे लोक काही आकाशातून पडले नाहीत. ते बसले, बोलले, वही आपल्या हाती ठेवली, इतकेच.

वरच्या सत्तेलाही आमचे हे न बसणे सोयीचे आहे. 2022 साली जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या तेव्हा निवडणुका न होता प्रशासक बसले, आणि अखेर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले. त्या तीन वर्षांत रयतेतून केवढी ओरड झाली ? जी संस्था आम्ही वापरली नाही तिची चोरी झालेली आम्हांस कळलीच नाही.

"सभेला गेलो तर मजुरी बुडते, गुरुजी," असे आमचे बांधव म्हणतात. खरे आहे. पण एका दिवसाची मजुरी वाचविण्यासाठी वर्षाचे पाणी, घर, रस्ता घालविणे हा कसला हिशेब ? भगिनींनो, 2011 पासून पंचायतीतील निम्म्या जागा तुमच्या आहेत. मग खुर्चीवर तुमचे नाव आणि शिक्का नवऱ्याच्या खिशात, हे कसे चालते? ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा भरवावी लागते. ती मागून घ्या.

तरी बांधवहो, येत्या सभेला आळीआळीतून निघा. तीन गोष्टी मागा : मागील सभेचे इतिवृत्त मोठ्याने वाचा, हिशेब फळ्यावर लिहा, लाभार्थ्यांची यादी एकेक नावाने पुकारा. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्याजवळ शाळेतली पोर बसवा. ती वाचून दाखवील. कोऱ्या कागदावर सही नाही व न ऐकलेल्या ठरावावर अंगठा नाही, एवढा निश्चय करा. दप्तराला खुंटी हवी असेल तर ती चावडीच्या भिंतीला ठोका, सगळ्यांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर.