पाडण्याआधी मोजा

मोर्शी, वरूड, चांदूर बाजार, अचलपूर, मूर्तिजापूर. वऱ्हाडातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावात मुख्य रस्त्याने चालत गेले तरी काम एकच चालू दिसते. कवेलूच्या छपराची, सागवानी खांबांची, पुढे छपरी आणि मागे सांदवाडी असलेली घरे उतरवली जात आहेत. त्या जागी खाली गाळे, वर हॉल आणि त्यावर राहण्याचे मजले अशी इमारत उभी राहते. तिचा नकाशा काढणारे, आरसीसीचे डिझाइन करणारे, परवानगीच्या फाइलवर सही करणारे आणि कंत्राट घेणारे बहुतेक जण या मासिकाचे वाचक आहेत. म्हणून हे संपादकीय थेट आपल्यालाच उद्देशून आहे.

पुनर्विकासाला आमचा विरोध नाही. भर बाजारात राहणाऱ्या कुटुंबाला पक्के छत हवे, संडास-बाथरूम घरात हवे, दुकानाच्या भाड्याचा आधार हवा, आणि हे सगळे मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. प्रत्येक जुने घर जपावे असेही आम्ही म्हणत नाही. आमची मागणी मर्यादित आहे. जुनी इमारत पाडण्याआधी ती मोजली जावी, तिचे नकाशे व छेद काढले जावेत, छायाचित्रे घेतली जावीत आणि तिथे राहिलेल्या माणसांकडून तिची हकीकत लिहून घेतली जावी. एवढे झाल्यावरच पहिले कवेलू उतरावे.

ही मागणी आपल्या मातीला नवी नाही. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे स्थान. श्रीगोविंदप्रभूंचा राजमठ तिथेच आहे. या पंथाने ‘लीळाचरित्र’ दिले हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते, पण त्याच परंपरेतला ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ आपल्या व्यवसायातल्या फार थोड्यांनी पाहिला असेल. मुनिव्यासांच्या नावाने ओळखला जाणारा आणि डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेला हा ग्रंथ चक्रधरस्वामींच्या वास्तव्याच्या जागांची नोंद करतो. गाव कोणते, देऊळ गावाच्या कोणत्या अंगाला, त्याचे दार कोणत्या दिशेला, स्वामी बसत ती जागा चौकात की सोप्यात, असा तपशील त्यात येतो. त्यातली कितीतरी देवळे आणि मठ पुढच्या शतकांत पडले. तरीही भाविक त्या जागांपर्यंत पोहोचत राहिले आणि संशोधकांनाही त्या शोधता आल्या, कारण कुणीतरी त्या काळजीपूर्वक लिहून ठेवल्या होत्या. त्या नोंदी करणाऱ्यांकडे ना टोटल स्टेशन होते ना कॅमेरा. आज प्रत्येक साइट इंजिनियरच्या खिशात कॅमेरा आहे आणि लेझर मीटर बाजारात सहज मिळतो. साधनांची अडचण आपल्याला सांगता येणार नाही.

घरे का पडतात, हेही नीट समजून घ्यायला हवे. पहिले कारण देखभालीचे. कवेलूचे छप्पर दर पावसाळ्याआधी फेरावे लागते. फेरणारी कसबी माणसे कमी झाली, चांगली कवेलू मिळेनाशी झाली आणि माकडांच्या टोळ्यांनी उरलेली फोडली. मग त्यावर टिनपत्रे आली. ज्यांना पत्रेही परवडले नाहीत त्यांच्या भिंतीत पाणी मुरले, खांबांचे पाय ओले राहिले आणि त्यांना उधई लागली. वरचे सागवान ठणठणीत असताना बुडाचा वीतभर भाग कुजल्यामुळे धोकादायक ठरलेली घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

दुसरे कारण वारसांचे. मिळकत पत्रिकेवर दहा-बारा नावे, त्यातली अर्धी पुण्यात किंवा नागपुरात, आणि दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा याचा निकाल लागत नाही. विक्रीचा निकाल मात्र लवकर लागतो. तिसरे कारण जुन्या भाडेकरूंचे. मध्य प्रांत व वऱ्हाडचा 1949 चा भाडेनियंत्रण आदेश विदर्भात दीर्घकाळ लागू होता. त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 ने घेतली. गोठलेल्या भाड्यात मालकाने माडीची दुरुस्ती करावी अशी अपेक्षा कुणालाच नव्हती. चौथे कारण रस्त्याचे. रुंदीकरणाची रेषा छपरीतून गेली की पुढचा खण जातो, आणि चौकटीचा तोल गेलेले घर मग पुरतेच पाडावे लागते.

या कारणांपैकी एकही मोजणीच्या आड येत नाही. वारसांचा वाद चालू असताना घर मोजता येते, नोटीस लागलेले घरही बाहेरून आणि शक्य तेवढे आतून मोजता येते. रुंदीकरणासाठी तर भूसंपादनाची मोजणी होतेच. तेच पथक आणखी थोडा वेळ थांबले तर दर्शनी भागाचा नकाशा तयार होतो.

मोजल्याने काय मिळते? भावनेची गोष्ट बाजूला ठेवून केवळ व्यवसायाच्या अंगाने पाहू. आपल्याकडच्या जुन्या घरात भार मुख्यतः लाकडी चौकटीवर असतो. तळखड्यावर खांब, खांबावर मयाल, मयालीवर बल्ल्या, आणि पांढऱ्या मातीची दोन-अडीच फूट जाडीची भिंत या सांगाड्याला बिलगून उभी. भिंत ढासळली तरी छप्पर तसेच उभे राहिलेले दिसते ते यामुळे. खांब आणि मयाल यांचा सांधा खिळ्याशिवाय कसा बसवला, दोन खांबांतले अंतर किती घेतले, माडीचा भार कुठे उतरवला, देवळ्या भिंतीत कुठे सोडल्या, ढेलजेतून चौकात वारा कसा घेतला, पेवात पाणी शिरू नये म्हणून जोत्याशी काय केले, ही सगळी उत्तरे त्या इमारतीतच आहेत. अमरावती-अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. या उन्हात राहण्यासाठी इथल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जे शोधून काढले, ते कोणत्याही कोडमध्ये किंवा हँडबुकमध्ये लिहिलेले नाही. आपण सहा इंची भिंत आणि उघडी स्लॅब देऊन वर एसीचा पॉइंट काढून देतो, कारण पर्याय काय होता हे दाखवणारा नकाशा आपल्या हाताशी नाही.

घरांइतकीच सार्वजनिक आणि औद्योगिक वास्तूंची निकड आहे. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, 1860 च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि इथल्या बाजारगावांत जिन-प्रेस उभ्या राहिल्या. त्यांची लांबलचक शेड, कैच्या, बिडाचे खांब, धुराडे हे सगळे एका काळाच्या अभियांत्रिकीचे पाठ आहेत. कापूस एकाधिकार खरेदी योजना 1972 पासून पुढे तीन दशके चालली. ती संपली, व्यापाराची रीत बदलली, आणि मोर्शी-वरूड भागात तर संत्र्याच्या बागांनी शेतीचे गणितच पालटले. बंद पडलेल्या जिनांच्या आवारात आता लेआउट पडतात. शकुंतला रेल्वे थांबली तेव्हापासून मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची छोटी स्टेशनेही तशीच वाट पाहत उभी आहेत. त्यांचे मोजमाप करायला यापेक्षा सोयीची वेळ पुन्हा येणार नाही.

अमरावतीचा परकोट पाहा. पेंढाऱ्यांच्या भीतीने निजामाच्या अमलात 1807 मध्ये त्याचे काम सुरू झाले. सुमारे सव्वादोन मैलांचा त्याचा घेर, त्याची उंची, दरवाजे आणि खिडक्या यांची नोंद जुन्या गॅझेटियरांत सापडते. जवाहर गेट, नागपुरी गेट, अंबागेट, खोलापुरी गेट ही नावे आजही रिक्षावाल्याला पत्ता सांगताना कामी येतात. पण ज्या व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी ही भिंत बांधली, त्यांच्या घरांच्या मापांसाठी गॅझेटियर उपयोगी पडत नाही. सरकारने भिंत मोजली. घरे मोजण्याचे काम आपल्या व्यवसायाचे होते आणि आहे.

जे अचानक जाते त्याची नोंद नंतर करता येत नाही, हा धडा या भागाने दोनदा घेतला आहे. 30 जुलै 1991 च्या पुरात वर्धा नदीने मोवाड उद्ध्वस्त केले. 204 माणसे गेली आणि गाव नव्या जागी वसवावे लागले. त्याच नदीवर सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरण झाले, नळ-दमयंती सागर भरला आणि बुडीत क्षेत्रातली गावे उठली. तिथल्या घरांचे मोजमाप झाले ते मोबदल्याचा आकडा ठरवण्यासाठी. रचना, सांधे, चौक, देवघर यांचा विचार त्या पंचनाम्यात नव्हता. पाण्याखाली गेलेल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसाला आपले घर नातवाला दाखवायचे असेल, तर त्याच्याकडे बोटाने जमिनीवर रेघा ओढण्याखेरीज मार्ग नाही.

जगात हा प्रश्न इतरांनाही पडला. अमेरिकेत 1933 मध्ये, महामंदीत बेकार झालेल्या वास्तुविशारदांना काम मिळावे म्हणून ऐतिहासिक इमारतींच्या सर्वेक्षणाची सरकारी योजना सुरू झाली. त्या वेळी मोजलेल्या अनेक इमारती आज नाहीत, पण त्यांचे नकाशे कुणालाही पाहता येतात. शिकागोमध्ये ॲडलर आणि सलिव्हन यांनी 1894 मध्ये पूर्ण केलेली स्टॉक एक्स्चेंजची इमारत 1972 मध्ये पाडली गेली. रिचर्ड निकेल हा छायाचित्रकार तिचे अवशेष वाचवताना आत कोसळलेल्या भागाखाली सापडून मरण पावला. जे भाग वाचले आणि ज्या नोंदी हाती होत्या, त्यांच्या आधारे त्या इमारतीचे व्यवहारांचे दालन शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा उभारता आले. मोजणीसाठी कुणी जीव द्यावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. नोंद वेळेवर, पाडकाम सुरू होण्याआधी व्हावी, म्हणजे कुणाला असा धोका पत्करावा लागणार नाही.

कायद्याकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही. 1960 चा राज्याचा स्मारक कायदा घोषित स्मारकांपुरता आहे. एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींची तरतूद आहे, पण ती यादीत आलेल्या वास्तूंसाठी. बाजारातल्या साध्या वाड्याला या दोन्हींचा आधार नाही. म्हणून ही रीत व्यवसायाने स्वतः घालून घ्यावी.

वास्तुविशारदांनी जुन्या जागेवरच्या प्रत्येक नव्या कामात विद्यमान इमारतीचा तळमजला, माडी, एक छेद आणि दर्शनी भाग एवढे चार नकाशे काढावेत. मध्यम वाड्याला दोन माणसांचे एक-दोन दिवस लागतात. हा खर्च फीमध्ये उघडपणे धरावा. नगरपरिषदेच्या अभियंत्यांनी धोकादायक इमारतीच्या नोटिशीसोबतच छायाचित्रांचा संच फाइलला लावावा आणि जुन्या कर आकारणी नोंदवह्या, नझूलचे नकाशे, भूसंपादनाचे पंचनामे रद्दीत जाऊ देऊ नयेत. पाडकामाच्या कंत्राटदारांनी खांब-मयाल विकण्याआधी त्यांवर क्रमांक घालावेत आणि किमान एक सांधा सोडवताना त्याची छायाचित्रे घ्यावीत. नागपूर-अमरावतीच्या वास्तुकला महाविद्यालयांनी अभ्यासक्रमातल्या मोजणीच्या कामासाठी मुलांना राजस्थान-कच्छला जरूर न्यावे, पण एक सत्र वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावालाही द्यावे. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. मयाल, ढेलज, देवळी, पेव हे शब्द आणि ते वापरणाऱ्या सुतार-गवंड्यांच्या मुलाखती नोंदवण्यात त्या विद्यापीठाची साथ मागायला हवी.

मालकांची एक भीती रास्त आहे. घर मोजले की ते वारसा यादीत जाईल आणि परवानगी अडेल, असे त्यांना वाटते. म्हणून पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगावे आणि लेखी द्यावे, की ही नोंद आहे, बंदी नाही. कुटुंबाची संमती नसेल तर नाव-पत्ता छापू नये. नकाशांचा एक संच बांधून त्या कुटुंबाला द्यावा. पिढीजात घराचा नकाशा हातात पडल्यावर तो नाकारणारे कुटुंब विरळच.

आमच्या बाजूने एवढे करू शकतो. पुढच्या अंकापासून दर महिन्याला पाडल्या जाणाऱ्या किंवा पाडून झालेल्या एका इमारतीचे मोजणी-नकाशे या मासिकात छापले जातील. मोर्शीपासून सुरुवात करण्याचा विचार आहे. मोजणारांची नावे नकाशावर असतील, प्रमाण आणि दिनांक असेल, आणि मूळ प्रती कोणत्याही अभ्यासकाला पाहता येतील.

पावसाळ्याआधी नोटिशा निघतात आणि दिवाळीनंतर पाडकामाला वेग येतो, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या टेबलावर आज ज्या फाइली आहेत, त्यांतल्या कोणत्या जागेवर अजून जुने घर उभे आहे ते आजच पाहावे, मालकाला फोन करावा आणि याच आठवड्यात टेप घेऊन तिथे जावे. परवानगीच्या फाइलमधला पहिला कागद जुन्या घराच्या मोजणीचा असेल, तर नव्या इमारतीच्या कामाला आपण पूर्ण जाणतेपणाने हात घातला असे म्हणता येईल.