चेंडू वळला, आता?

परवा आमचा भाचा शाळेच्या सामन्यातून तोंड पाडून घरी आला. चेंडू टप्पा पडून झपकन आत वळला आणि मधला स्टंप उडाला. वर बाबांची बोलणी, "लक्ष कुठं होतं तुझं?" भाचा रडकुंडीला येऊन म्हणाला, "मामा, मला चेंडू वळताना दिसला, शप्पथ! पण बॅट वळेचना."

मला त्याचं म्हणणं पटलं. पण त्याच्या बाबांना कसं पटवायचं? मी त्याच्या दप्तरातून फूटपट्टी काढली.

तुम्हीही करून बघा. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवायला सांगा. खाली शून्याच्या खुणेपाशी तुमचा अंगठा आणि तर्जनी, पट्टीला न टेकवता, उघडी ठेवा. मित्रानं न सांगता पट्टी सोडायची, तुम्ही ती चिमटीत पकडायची. १५ सेंटिमीटरवर सापडली तर तुम्हाला सुमारे ०.१७ सेकंद लागले, २० वर सापडली तर ०.२० सेकंद. भाच्यानं २१ वर पकडली. बाबांची पट्टी सरळ जमिनीवर! (चष्मा घातला नव्हता म्हणे.)

डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूपर्यंत जायचं, मेंदूनं काय करायचं ते ठरवायचं, मग मज्जारज्जूतून हाताच्या स्नायूंना हुकूम सुटायचा. या सगळ्याला वेळ लागतो. काही दुरुस्त्या मात्र फार झटपट होतात. पाण्याचा तांब्या धरलेल्या हाताला धक्का बसला, तर ताणलेल्या स्नायूची खबर मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथूनच उलट हुकूम येतो. सेकंदाचा विसावा भागही लागत नाही. मेंदूची जास्त विचारी दुरुस्ती मागाहून येते. पण चेंडू काही हाताला धक्का देत नाही! तो डोळ्यांनीच पाहावा लागतो.

मग मोठ्या खेळाडूंचे डोळे आपल्यापेक्षा चपळ असतील? पीटर मॅकलिऑड या मानसशास्त्रज्ञानं हेच तपासलं. त्याचा निष्कर्ष १९८७ साली छापून आला. त्यानं खेळपट्टी मुद्दाम अशी बनवली, की टप्प्यानंतर चेंडू कुठं वळेल याचा नेम नाही. तिच्यावर आंतरराष्ट्रीय फलंदाज उभे केले आणि वेगवान कॅमेऱ्यानं फिल्म घेतली. चेंडू वळल्यावर बॅटची दिशा बदलायला त्यांनाही सुमारे ०.२० सेकंदच लागले. म्हणजे जवळपास आमच्या भाच्याइतकेच!

आता हिशेब करा. ताशी ९० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला २५ मीटर जातो. ०.२० सेकंदात ५ मीटर. (टप्प्यानंतर वेग थोडा घटतो, ते सोडून देऊ.) म्हणजे बॅटच्या पुढं तीन-चार मीटरवर टप्पा पडून चेंडू वळला, तर तो दिसूनही उपयोग नाही. ठरलेला फटका बदलायच्या आत चेंडू पोचलेला असतो.

मग चांगले फलंदाज करतात काय? ते आधीच अंदाज बांधतात. याच मॅकलिऑडनं मायकल लँडबरोबर फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. ते संशोधन २००० साली प्रसिद्ध झालं. फलंदाज चेंडूवर सारखी नजर खिळवून ठेवत नाहीत. चेंडू सुटताना पाहतात आणि मग नजर झटकन टप्पा पडेल त्या जागी नेऊन ठेवतात, चेंडूच्या आधी! जो जास्त तरबेज, त्याची नजर जास्त लवकर पोचते.

सर सारखे ओरडतात ना, "पुढं ये, नाहीतर मागं जा, मध्ये अडकू नको"? पाय पुढं टाकून टप्प्याजवळच चेंडू गाठला, तर त्याला फार वळायला जागाच उरत नाही. मागं गेलं तर मेंदूला थोडा जास्त वेळ मिळतो.

"तू कुठं होतास?" मी विचारलं.

"मध्येच," भाचा हळूच म्हणाला.

बाबा काही बोलले नाहीत. चष्मा लावून आले आणि पट्टी पुन्हा मागितली. या खेपेला २६ वर सापडली.