राजा प्रदेशीच्या शंका

श्रद्धावान माणूस नास्तिकाकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे त्याने वाचलेल्या ग्रंथांवर फारसे अवलंबून नसते. स्वतःला काय अनुभवास आले आहे, त्यावरच ते बहुतेक वेळा ठरते. पर्युषणात अठ्ठाई करणाऱ्या श्राविकेला सहाव्या-सातव्या दिवशी शरीर थकलेले असूनही आतून एक विलक्षण हलकेपणा जाणवतो. सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत कधी एखादा क्षण असा येतो, की पेढीची चिंता, घराची चिंता, फार काय आपले नावदेखील दूर राहते आणि केवळ जाणणारा तेवढा उरतो. ज्याला हे एकदा घडले, त्याच्या दृष्टीने आत्मा हा वादाचा विषय राहत नाही.

पारणे होऊन चार दिवस लोटतात. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला घरातील शिकलेला मुलगा सहज म्हणतो, "आई, तो हलकेपणा उपवासाने शरीरात होणाऱ्या बदलांमुळे येतो. आत्मा वगैरे त्यात काही नाही." मुलाने आपले मत मांडलेले असते. आईच्या कानावर मात्र "तुला जे जाणवले ते खोटे" असे पडते. दुखावलेली आई उत्तर देते, "तुझे पुण्य अजून कमी पडते, म्हणून तुला कळत नाही." मुलगा त्यातून "तू हीन आहेस" एवढेच ऐकतो. दोघांनीही जे उच्चारलेले नसते, त्याचेच दोघांना दुःख होते आणि पुढच्या चातुर्मासात मुलगा स्थानकाकडे फिरकेनासा होतो. व्यापारी कुटुंबांत हा प्रसंग आता अपवादाचा राहिलेला नाही.

वास्तविक जैनांनी 'नास्तिक' हा शब्द फार जपून वापरावयास हवा. वेदांना प्रमाण न मानणारा तो नास्तिक, ही मनुस्मृतीची कसोटी लावली, तर महावीरांचे सर्व अनुयायी नास्तिक ठरतात, आणि शतकानुशतके त्यांना तसे म्हटलेही गेले आहे. जगाचा कर्ता ईश्वर जैन दर्शन मानीत नाही, यावरूनही हाच आरोप झाला. जैन आचार्यांनी आस्तिक्याचा अर्थ निराळा केला: आत्मा आहे, कर्म आहे, परलोक आहे, मोक्ष आहे, अशी प्रतीती. हरिभद्रसूरींनी षड्दर्शनसमुच्चयात दर्शनांचा परिचय करून देताना लोकायत मतालाही जागा दिली आणि ते मत काय म्हणते हे नीट मांडले. ज्यांना दुसऱ्यांनी हा शब्द चिकटवला, त्यांनी तो आपल्याच मुलाला चिकटवताना क्षणभर थांबावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

आगमांत या विषयावर एक सबंध संवाद आहे. रायपसेणीय सूत्रातील राजा प्रदेशी आणि केशी कुमारश्रमण यांचा हा संवाद व्याख्यानांतून अनेकांनी ऐकलेला असतो. परंतु तो बहुधा 'नास्तिक राजा कसा हरला' अशा थाटात सांगितला जातो, आणि त्यात जे खरे शिकण्यासारखे आहे ते निसटते.

श्वेतांबिका नगरीचा हा राजा जीव आणि शरीर एकच मानणारा होता. त्याचे मत नुसते ऐकीव नव्हते. त्याने एका चोराला जिवंतपणी लोखंडी कुंभीत घालून झाकण पक्के बंद करविले. काही दिवसांनी उघडले तेव्हा चोर मेलेला होता आणि कुंभीला कोठेही छिद्र नव्हते. जीव बाहेर गेला असता तर वाट दिसली असती, असा त्याचा तर्क. दुसऱ्या चोराचे मृत्यूपूर्वी व मृत्यूनंतर वजन केले. फरक पडला नाही. तिसऱ्याचे तुकडे करून आत जीव शोधला, सापडला नाही. या क्रूरतेचे समर्थन कोणी करणार नाही, आगमही करीत नाही. पण एक गोष्ट ध्यानात येते, की राजाचा नकारदेखील त्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर उभा होता. श्रद्धावंताला वाटते की अनुभव आपल्या बाजूला आहे आणि समोरच्याकडे नुसता तर्क. समोरच्यालाही नेमके तसेच वाटत असते.

त्याहून महत्त्वाची आहे राजाची अगदी पहिली शंका. तो म्हणतो, माझे आजोबा अधर्मी होते. तुमच्या मताप्रमाणे ते नरकात गेले असणार. त्यांचे माझ्यावर अतिशय प्रेम होते. मग त्यांनी येऊन मला सावध का केले नाही? माझी आजी धर्मपरायण होती. ती देवलोकी गेली असेल, तर तिने येऊन एकदा तरी का सांगितले नाही? हा प्रश्न वादाच्या भरात ऐकला तर कुतर्क वाटतो. शांतपणे ऐकला, तर ज्याच्या जिवलगांपैकी कोणीही परत आले नाही अशा नातवाचा तो प्रश्न आहे. तरुण मुलगा गेल्यावर स्थानकात येणे सोडणारा पिता, आईच्या आजारपणात केलेले सर्व जप व्यर्थ गेले म्हणून माळ ठेवून देणारी मुलगी, यांच्या नकारामागे अनेकदा हेच असते. त्यांना 'कर्माचा उदय' एवढे दोन शब्द ऐकवून निघून येणे सोपे आहे. केशीश्रमणांनी तसे केले नाही.

त्यांचे उत्तर राजाच्याच जगातले होते. राणी सूर्यकांतेशी दुर्वर्तन करणारा कोणी सापडला आणि शिक्षेपूर्वी नातेवाइकांना भेटून येण्याची परवानगी मागू लागला, तर तू त्याला सोडशील काय? राजा म्हणाला, क्षणभरही नाही. मग नरकातील जीवाला कोण सोडील? तू स्नान करून देवालयात निघाला असताना कोणी शौचगृहातून हाक मारून दोन घटका बसण्यास बोलावले, तर जाशील काय? मग देवलोकातील आजी येथे का येईल? कुंभीच्या शंकेवरही दृष्टांतच: सर्व दारे बंद केलेल्या घरात भेरी वाजविली तरी आवाज छिद्र न पाडता बाहेर येतोच. वजनाच्या शंकेला त्यांनी वाऱ्याने भरलेल्या व रिकाम्या पखालीचा दाखला दिला. (आजचा अकरावीचा विद्यार्थी हवेलाही वजन असते असे सांगेल, आणि ते खरे आहे. दृष्टांताची ती मर्यादा मान्य करण्यात आगमाचा काही अवमान होत नाही. मुलाने ती दाखविली तर घरातील वडीलधाऱ्यांनी रागावू नये.)

केशीश्रमणांना चार ज्ञाने होती. केवलज्ञान सोडून मति, श्रुत, अवधि आणि मनःपर्यव ही सर्व त्यांच्यापाशी होती, असे सूत्र सांगते. भेटीच्या आरंभी राजाच्या मनात आलेला तुच्छतेचा विचार त्यांनी त्याला जसाच्या तसा सांगितला, तेव्हा राजा चकित झाला होता. इतका थेट अनुभव असलेला पुरुष "मी पाहिले आहे, तू मान" असे सहज म्हणू शकला असता. संपूर्ण संवादात ते हा आधार घेत नाहीत. आपले अवधिज्ञान राजाचे प्रमाण होऊ शकत नाही, हे त्यांनी जाणले होते. ज्याचा अनुभव सर्वांत मोठा, त्यानेच तो बाजूला ठेवून समोरच्याच्या अनुभवातून वाट काढली. आपल्याकडे अनेकदा याच्या उलट घडते. दोन अठ्ठाया आणि एका शिबिराच्या बळावर माणूस घरातील प्रश्नकर्त्याला 'मिथ्यात्वी' ठरवून मोकळा होतो. 'अभव्य' म्हणण्यापर्यंतही काहींची मजल जाते. कोण भव्य आणि कोण अभव्य हे केवलीच जाणतात, याचा विसर पडतो.

संवाद सर्वकाळ गोडीगुलाबीने चालला, असेही नाही. लाकूड फोडून त्यात अग्नी शोधणाऱ्या मूर्खाची उपमा केशीश्रमणांनी दिली, तेव्हा भरसभेत असे कठोर शब्द का, अशी तक्रार राजाने केली. पुढे त्याने मनातले सांगितले: जितका मी उलट वागेन तितके अधिक ज्ञान मिळेल, म्हणून मी विरोध करीत राहिलो. यावर केशीश्रमणांनी सांगितलेला प्रकार व्यापाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. व्यवहार करणारे चार प्रकारचे: देतो पण गोड बोलत नाही, गोड बोलतो पण देत नाही, देतो आणि गोडही बोलतो, देतही नाही आणि बोलतही नाही. यांतला चौथा तेवढा अव्यवहारी. हे राजा, तू व्यवहारी आहेस. कुरकुर करीत का होईना, पण हिशेब चुकता करणारा गिऱ्हाईक कोणता दुकानदार दारातून परत पाठवील? प्रामाणिक शंका घेऊन भांडणारा मुलगा याच वर्गातला असतो. धोका असलाच तर प्रत्येक गोष्टीला मान डोलावून मनात काहीच न ठेवणाऱ्याकडून आहे.

अनुभव आणि नकार यांचे हेच नाते अलीकडच्या काळात एका मोठ्या माणसाने निभावलेले दिसते. मुंबईत जवाहिरांचा व्यापार करणारे श्रीमद् राजचंद्र यांना गांधीजी धर्मविषयक मार्गदर्शक मानीत. 1894 साली दक्षिण आफ्रिकेत मन अस्थिर झाले असता त्यांनी श्रीमदांना सत्तावीस प्रश्न लिहून पाठविले होते, आणि आत्मा व ईश्वर यांविषयीच्या त्या शंकांना श्रीमदांनी एकेक करून उत्तर दिले. पुढे 1933 च्या एप्रिलअखेर येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना एका रात्री अंतर्नाद ऐकू आला आणि 8 मेपासून त्यांनी एकवीस दिवसांचा उपवास आरंभला. सुटका झाल्यावर तो पुण्याच्या पर्णकुटीत पूर्ण झाला. साऱ्या देशाला काळजीत टाकणारा निर्णय केवळ आतल्या आवाजावर घेतलेला होता. नंतर 'हरिजन'मध्ये त्याविषयी लिहिताना त्यांनी आपली खात्री जरादेखील पातळ केली नाही. संशय घेणाऱ्यापुढे ठेवावा असा पुरावा आपल्याजवळ नाही आणि त्याने याला भ्रम म्हटले तर तो मोकळा आहे, असेही तेथेच मान्य केले. खात्री पूर्ण आणि दुसऱ्यावर सक्ती शून्य, असा हा मेळ क्वचितच पाहावयास मिळतो.

त्याची परीक्षा वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात झाली. आंध्रातील गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, उघड नास्तिक होते. कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूर गावी त्यांनी पत्नी सरस्वती यांच्यासह 1940 साली नास्तिक केंद्र उभारले होते आणि अस्पृश्यता निवारणाचे काम ते नास्तिक्याच्या बळावरच करीत. 1944 मध्ये ते गांधीजींना भेटले.  पुढच्या भेटींत, आपला आस्तिकपणा बरोबर आणि गोरांचा नास्तिकपणा चूक असे आपण म्हणू शकत नाही, दोघेही सत्याचेच शोधक आहोत, असे त्यांनी सांगितले. गोरांनी लिहिलेल्या या भेटींच्या वृत्तांताला प्रस्तावना किशोरलाल मश्रुवालांसारख्या श्रद्धावान साधकाने लिहिली, हेही सांगण्याजोगे आहे.

यावर एक शंका निघू शकते: असे केल्याने श्रद्धा पातळ होत नाही काय? केशीश्रमणांची झाली नाही. त्यांनी राजाचे मत चूक आहे हे शेवटपर्यंत स्पष्ट सांगितले. सम्यक्त्वाची जी पाच लक्षणे सांगितली जातात, त्यांत शम, संवेग, निर्वेद व अनुकंपा यांच्यानंतर आस्तिक्य येते. अनुकंपा सोडून केलेल्या आस्तिक्याच्या आग्रहाला शास्त्राचा आधार शोधणे कठीण आहे. आठ अंगांतील स्थितीकरण म्हणजे डगमगणाऱ्याला स्थिर करणे. ते करावयाचे तर तो हाताच्या अंतरावर असला पाहिजे.

अखेरीस राजा निरुत्तर झाला, तरी वळला नाही. हे मत माझ्या आजोबांपासून चालत आले आहे, ते कसे सोडू, असे तो म्हणाला. तेव्हा केशीश्रमणांनी लोखंडाच्या व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली. काही व्यापारी धनाच्या शोधात निघाले. वाटेत लोखंडाची खाण लागली, सर्वांनी भारे बांधले. पुढे कथील, तांबे, रुपे, सोने आणि शेवटी हिरे लागले. इतरांनी प्रत्येक वेळी आधीचा भार टाकून मोलाचा घेतला. एकाने मात्र इतक्या दूर वाहून आणले, इतके घट्ट बांधले, म्हणून लोखंडच घरी नेले. ही गोष्ट नास्तिकाला ऐकविण्याची प्रथा आहे. मुळात ती वडिलोपार्जित मताला धरून बसणाऱ्याला सांगितलेली आहे, आणि ते मत श्रद्धेचे की अश्रद्धेचे, हा दृष्टांताचा मुद्दाच नाही. कधीही न उघडता पिढ्यान्‌पिढ्या वाहिलेल्या गाठोड्यात हिरे आहेत की लोखंड, हे घरातील मुलाने विचारले, तर गाठोडे सोडून दाखविणे हेच त्याचे उत्तर. ज्या आईने अठ्ठाईत काही पाहिले आहे, तिला ते जड जाऊ नये.

प्रदेशी श्रमणोपासक झाला. निरोप देताना केशीश्रमणांनी त्याला एवढेच बजावले, की आता रमणीय झाला आहेस, तर पुढे अरमणीय होऊ नकोस. राजाने आपल्या सात हजार गावांचे चार भाग केले. एक सैन्याला, एक कोठाराला, एक अंतःपुराला दिला. चौथ्या भागातून मोठी शाळा बांधून तेथे रोज अन्न शिजविण्याची व्यवस्था केली. आणि श्रमण, ब्राह्मण, भिक्षू, वाटसरू, जो कोणी येईल त्याला तेथे वाढले जाऊ लागले.